पाळीआधी लागणाऱ्या गाठी

पंचवटीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मापासाठी पडदा ओढला की बायका घरात न निघणारं बोलतात. त्यात हे हमखास असतं: "ताई, काखेजवळ गाठीगाठीचं लागतंय हो."

मलाही पस्तिशीत तसं लागायला लागलं. पाळीच्या आधी छाती जड, दुखरी, आणि मुंढ्याच्या बाजूला भिजवलेल्या साबुदाण्यावरून हात फिरवावा तसं. आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासून नीट समजावलं. स्तनात दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. ग्रंथी सर्वांत जास्त वरच्या, काखेकडच्या भागात. पाळीआधी हार्मोन्समुळे त्या फुगतात, पाळी आली की उतरतात. दोन्हीकडे साधारण सारखं लागणं, महिन्याच्या चक्राबरोबर कमी-जास्त होणं, हे बहुतेक वेळा नेहमीचंच असतं.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हे तर मला टेप लावताना रोज दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे. पण गेल्या वर्षीपर्यंत नीट बसणारा ब्लाउज एकाच बाजूने घट्ट व्हायला लागला, तर मी स्पष्ट सांगते, "टक्स नंतर सोडू, आधी डॉक्टरांना दाखव."

म्हणून आपलं नेहमीचं काय, ते आपल्या हाताला माहीत पाहिजे. पाळी थांबल्यावर दोन-चार दिवसांत बघा, तेव्हा सूज उतरलेली असते. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. आरशासमोर हात वर करून आकार आणि कातडी बघायची, मग आडवं पडून तीन बोटांच्या सपाट भागाने गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि काखेतही चाचपायचं. टोकांनी टोचायचं नाही, उगाच सगळंच गाठ वाटतं.

नवीन गाठ, एकाच जागी, पाळी होऊन गेली तरी तशीच; कातडीला खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं; बोंड अचानक आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं; काखेतली गाठ. यातलं काहीही दिसलं की थांबू नका. आणि "दुखत नाही ना, मग काही नाही" हे तर मनातून काढूनच टाका. कॅन्सरची गाठ पुष्कळदा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते हाताने ठरत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, यानेच ठरतं.

जाणत्या हाताने तपासून घ्यायलाही महत्त्व आहे. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या बायकांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून तपासणी करवली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. नुसत्या हाताच्या तपासणीने! सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर ही तपासणी आहे. आशाताईंना विचारा, नाहीतर सरळ त्र्यंबक नाक्यावरच्या सिव्हिलला जा.

लाज वाटते, हे मला कळतं. लेडी डॉक्टर मागून घ्या, जाऊबाईंना सोबत न्या. कुणीच नसेल तर सोमवारी माझं दुकान बंद असतं, मी येते.