दोन इंच वर, चार इंच खाली

पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्यांनी भरून यायचा आणि मी उठून बसायचे. डावी कूस, मग उताणी, मग पुन्हा उजवी, असं करता करता दूधवाला यायचा. सकाळी आठवीच्या वर्गात फळ्यावर हात वर करून लिहिताना खांदा कटकट वाजे. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले आणि जाता जाता विचारलं, "गादी किती जुनी आहे?" मी आठवू लागले. धाकटा पहिलीत गेला त्या वर्षी घेतलेली, काथ्याची. धाकटा आता इंजिनिअरिंगला आहे.

घरी येऊन चादर काढली आणि दोरी ताणून धरली. माझ्या बाजूला दीड इंचाचा खळगा, ह्यांच्या बाजूला दोन इंचांहून जास्त. ह्यांचं वजन 88 किलो, माझं 57, त्यामुळे खळग्यातही तेवढंच अंतर. मी कुशीवर झोपणारी, हे उताणे. एकाच गादीवर आमचं दोघांचं भागत होतं ते केवळ सवयीनं.

सासूबाईंचा निकाल तिथल्या तिथे लागला: "पिंजाऱ्याला बोलाव, कापसाची करून घे. कडक झोपावं माणसानं." कडक गादी पाठीला चांगली ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की दुकानातल्या दगडासारख्या प्रत्येक गादीवर 'ऑर्थो' लिहिलेलं असतं. मुलानं एक अभ्यास वाचून दाखवला. 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला, स्पेनमधल्या कंबरदुखीच्या 313 जणांचा. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम, आणि 90 दिवसांनी मध्यम गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारलेली होती. माझं दुखणं कंबरेचं नव्हे, खांद्याचं. पण कडक म्हणजेच चांगलं हा मुद्दा तेवढ्यापुरता तरी निकालात निघाला. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि नितंब गादीत थोडे बुडायला हवेत, आणि कंबरेला मात्र खालून आधार हवा. कडक गादीवर सगळा भार खांद्याच्या टोकावर येतो. माझा येतच होता.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. रात्री अकरा वाजता मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि ऑर्डर देऊन टाकली. दोन इंचांचा मेमरी फोमचा टॉपर, म्हणजे असलेल्या गादीवर अंथरायचा थर, डबल बेडचा, '50 डेन्सिटी', 'अंतराळवीरांचं तंत्रज्ञान'. (नासाचा संबंध खरा आहे, पण तो अंतराळवीरांच्या बिछान्याशी नव्हे. 1966 मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी हा फोम तयार झाला तो विमानातल्या आसनांकरता. गादीच्या रूपात तो बाजारात रुळायला 1991 उजाडलं, तेही एका स्वीडिश कंपनीमुळे.)

टॉपर आला डिसेंबरच्या शेवटी, हवा काढून घट्ट गुंडाळलेला, सतरंजीच्या वळकटीएवढा. उघडल्यावर खोलीत नव्या रंगासारखा वास भरला. तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून तो तसाच पसरून ठेवला आणि आम्ही बाहेरच्या खोलीत झोपलो. चौथ्या रात्री मोठ्या उत्साहानं आडवी झाले, तर खाली फोम नव्हे, फरशी! नाशिकची थंडी. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर छापून येतो ते दिवस. मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, आणि थंडीत घट्ट होऊन बसतो, हे तेव्हा मला कुठे माहीत. दहा-पंधरा मिनिटांनी तो वितळल्यासारखा खाली गेला, खांदा सैल पडला, आणि मला वाटलं, जमलं.

पहाटे तीनला पुन्हा मुंग्या. वरचा टॉपर खालच्या खळग्याचा आकार घेऊन बसला होता. खाली दीड इंचाचा खड्डा असेल तर वरून दोन इंच काहीही घाला, खड्डा राहतोच, फक्त मऊ होतो. आणि खांद्याच्या जागी बोट दाबलं तर खालचा काथ्या लागत होता. दोन इंच फोम इतक्या सहज पार होतो?

इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. डेन्सिटी म्हणजे घनता. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ. दर वर्षी शिकवते. 78 बाय 72 बाय 2 इंच म्हणजे 11,232 घन इंच, म्हणजे 0.184 घनमीटर. घनता खरोखर 50, म्हणजे घनमीटरला 50 किलो, असेल तर टॉपरचं वजन 9 किलो 200 ग्रॅम भरायला हवं. मुलगा टॉपर कवेत घेऊन वजनकाट्यावर उभा राहिला, मग टॉपर टाकून उभा राहिला. फरक 6 किलो, तोही कापडी खोळीसकट. म्हणजे घनता 32 च्या आसपास. कंपनीला मापं, वजन, फोटो सगळं पाठवलं. आधी मला कूपन देऊ केलं, मग दुसरं कूपन, मग उत्तर येईनासं झालं, आणि अकराव्या मेलनंतर टेम्पो येऊन टॉपर घेऊन गेला. पैसे परत मिळाले. सांगायचा मुद्दा एवढाच की फोमची घनता घरच्या वजनकाट्यावर कळते. त्यासाठी लेबलावर विसंबायला नको.

यानंतर मी नाशिकमधल्याच द्वारका भागाजवळच्या एका फोमच्या दुकानात गेले, जिथे सोफेवाले आणि टेम्पोच्या सीट शिवणारे जातात. मी काकांना म्हटलं, मला मेमरीची सहा इंची गादी हवी. ते हसले. "ताई, मेमरीची गादी नसते. मेमरी वरून लावायची. खाली मजबूत पाहिजे. सहा इंच मेमरी दिली तर चिखलात रुतल्यासारखं होईल, कूस बदलायला हात टेकावा लागेल."

मग त्यांनी तुकडे मांडले. साधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, जो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर बसतो. रिबाँडेड, म्हणजे फोमच्या कतरणी दाबून-चिकटवून केलेली लादी, रंगीबेरंगी, जड आणि कडक. एचआर, म्हणजे हाय रेझिलियन्स, जो दाबला की लगेच उसळतो. आणि मेमरी, ज्यात पंजा उमटला की सावकाश भरून येतो. चारही तुकडे हातात घेतल्यावर मला जे कळलं ते महिनाभर स्क्रीनवर वाचून कळलं नव्हतं. एचआर अंगाला वर ढकलतो, मेमरी अंगाला वाट देतो. एकाचं काम दुसऱ्याला सांगून चालत नाही.

झोपून पाहणं हा वेगळा प्रसंग झाला. दुकानात साडी नेसून आडवं कसं व्हायचं? काकांच्या मिसेस गल्ल्यावर होत्या, त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि काकांना चहाला पाठवलं. "दोन मिनिटांत उठू नका," त्या म्हणाल्या, "मेमरीला तापायला वेळ द्या." मी पंधरा मिनिटं पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन कुर्ता घालून गेले आणि आम्ही आमचं एक यंत्र वापरलं: टिकल्यांचं पाकीट. तिनं माझ्या मानेपासून कंबरेपर्यंत कण्यावर, कुर्त्यावरूनच, ओळीनं सात टिकल्या लावल्या. मी कुशीवर झोपले, तिनं मागून फोटो काढले. नुसत्या रिबाँडेडवर ओळ धनुष्यासारखी वाकलेली, खांदा वर अडकलेला. तीन इंच मेमरीवर कंबरेची टिकली खाली घसरलेली. चार इंच एचआरवर दोन इंच मेमरी ठेवली तेव्हा ओळ सरळ आली. काकांच्या मिसेसनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

ह्यांची गोष्ट वेगळी. उताण्या झोपणाऱ्याचं पाहायचं ते कंबरेखाली हात घालून. हात आरपार मोकळा जात असेल तर गादी कडक. घुसतच नसेल तर माणूस रुतलाय. ह्यांचा हात माझ्या रचनेवर घुसेना. म्हणून त्यांच्या बाजूला खाली दोन इंच रिबाँडेड, त्यावर तीन इंच एचआर आणि वर फक्त एक इंच मेमरी. दोन्ही बाजू सहा-सहा इंच, मधोमध जोड, आणि दोन्हींना मिळून एकच चेनवाली खोळ. एचआर 40 घनतेचा, मेमरी 50 चा. माझा मेमरीचा भाग घरी आल्यावर मी मोजलाच: 4 किलो 600 ग्रॅम. बरोबर. खोळ आणि शिलाईसकट सगळं 21 हजारांच्या आत बसलं, जे नावाजलेल्या एका तयार गादीपेक्षा कमी होतं. मधली फट लागेल अशी भीती होती. लागते, पण तिथे कुणी झोपत नाही.

इथे काम संपलं असं मला वाटलं होतं. खरी गंमत वर होती.

गादीवर मी पहिल्यांदा घातला तो जुना, जाड, रबरी थराचा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, आणि त्यावर चारी बाजूंनी खेचून खोचलेली चादर. तबल्याची पुडी ताणावी तशी गादी ताणली गेली. मेमरीला अंगाचा आकार घ्यायचा तर मधलं कापडही तेवढंच लवचीक हवं. प्रोटेक्टर काढला, होजिअरीसारखा ताणला जाणारा पातळ आणला, चादर सैल सोडली, आणि त्या एका रात्रीत दोन इंचांचे पैसे वसूल झाले. गादीची उंची वाढल्यानं जुन्या चादरी खोचल्या जाईनात. कोपऱ्याला इलास्टिक लावून शिंप्याकडून तीन बदलून घेतल्या.

मग मान धरली. हे कोडं सुटायला आठवडा गेला. खांदा आता गादीत दीड इंच खाली जात होता, पण उशी तीच जुनी, उंच. म्हणजे डोकं तेवढंच वर राहिलेलं. मेमरीची उशी आणून पाहिली. जानेवारीत ती वीट आणि वरून गरम, दोन्ही दोष. शेवटी माझ्या माहेरच्या सावरीच्या कापसाच्या उशीची शिवण उसवली, दोन मुठी कापूस काढला आणि पुन्हा टाचली. मान दोन दिवसांत सुटली.

एप्रिलमध्ये उकाडा सुरू झाला तसा मेमरीचा खरा अवगुण कळला. अंगाला इतका चिकटून बसतो की मध्ये वारा खेळायला जागाच उरत नाही. पाठ भिजायची. आणि थंडीतला दगड आता कणकेसारखा मऊ. 'जेल'वाला फोम घ्यायला हवा होता का? दुकानात तो हाताला गार लागला होता, पण अंगाची उष्णता शोषून एकदा तापला की तोही आपल्याच अंगाएवढा गरम. मी दुसरा उपाय केला: सासूबाईंच्या सुती पातळांची जुनी, धुऊन धुऊन विरलेली गोधडी, तिपदरी, चादरीखाली घातली. जाड दुलई घातली असती तर मेमरीचा उपयोगच गेला असता. ही इतकी पातळ की आकार कळतो आणि घाम टिपला जातो. एप्रिल ते जून गोधडी, पाऊस सुरू झाला की काढायची. पावसाळ्यासाठी सुताराला बोलावून बॉक्स बेडच्या प्लायला इंच-इंचाची भोकं पाडून घेतली, कारण खालून हवा नसेल तर फोमच्या पोटाला ओल धरते आणि बुरशी येते. जुन्या काथ्याच्या गादीखाली ती आलेलीच होती. आम्ही तिला डाग म्हणत होतो.

सासूबाईंशी एकच भांडण झालं. मी शाळेतून आले तर वरचा मेमरीचा थर गच्चीच्या कठड्यावर. "गादीला ऊन दाखवलं," त्या म्हणाल्या. आयुष्यभर दर उन्हाळ्यात कापसाच्या गाद्या तापवून, काठीनं झोडपून ज्यांनी घर निरोगी ठेवलं त्यांना हे पटवायचं कसं? दुकानातून आणलेला नमुन्याचा तुकडा मी बाल्कनीत विसरले होते, तो महिन्याभरात पिवळा पडून कडेनं भुरभुरायला लागला होता. तोच त्यांच्या हातात दिला. त्यांनी चिमटीत चोळला, भुगा पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे हिला सावलीत ठेवायची, धुवायची नाही, झोडपायची नाही. गादी आणलीस का सून?" तेव्हापासून थर पंख्याखाली, सावलीत वारा देऊन घेते.

पिंजाऱ्याला त्यांनी बोलावलंच. त्यांची स्वतःची गादी पिंजून, नवा कापूस घालून घेतली, आणि त्या तिच्यावरच झोपतात. दुपारी मात्र माझ्या बाजूला आडव्या होतात. उठल्यावर तिथे सावकाश भरत येणारा ठसा दिसतो.

खांदा पूर्ण बरा नाही. तो व्यायामानंच हलतो, गादीनं नव्हे, हे फिजिओनी आधीच सांगितलं होतं. पण तीनचा गजर बंद झाला. आता जाग येते ती पाचला, आणि ती वयाची. पुन्हा थंडी पडली आहे. झोपायच्या आधी दहा मिनिटं मी खांद्याच्या जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवून देते, म्हणजे आडवं होईपर्यंत फोम नरम झालेला असतो. काल पिशवी जागेवर नव्हती. ह्यांनी ती त्यांच्या एक इंचावर सरकवली होती.