भिंतीवरून परत आलेला बॉल

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असं बॅचच्या ग्रुपवर सांगितलं गेलं आणि डोक्यात पहिली आली ती प्रयोगशाळेची मागची भिंत. आपलं मैदान म्हणजे काय होतं हो, एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे कंपाउंड, मध्ये पावसाळाभर चिखल. आणि त्यात पीटीच्या सरांचा नियम, गोलमागच्या भिंतीवर आपटून परत आलेला बॉल चालू, आऊट नाही. दुसऱ्या शाळेची पोरं खेळायला आली की म्हणायची हा कसला फुटबॉल, आणि मला तेव्हा फार वाईट वाटायचं, कारण सर घसा कोरडा होईपर्यंत शिकवायचे आणि आमच्याकडे साधं मैदान नव्हतं.

१९९८ ला वायटूकेच्या, म्हणजे २००० साली कॉम्प्युटरच्या तारखा बिघडू नयेत यासाठीच्या कामासाठी कंपनीने ऑनसाइट पाठवलं, फ्लोरिडात ऑर्लँडोला. ऑफिसमधला एक जण एका शनिवारी मॅचला घेऊन गेला, ऑर्लँडो प्रेडेटर्सची, एरिना फुटबॉल. म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण छताखाली, आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत. मैदान ५० यार्ड लांब, ८५ फूट रुंद, ११ ऐवजी ८ जण, कडेने जाड पॅडिंगच्या भिंती, आणि दोन्ही टोकांना गोलपोस्टच्या आजूबाजूला उंच ताणलेल्या जाळ्या. पहिल्याच क्वार्टरमध्ये एक पास लांब गेला, जाळीवर आपटला, मागे उडाला आणि आमच्या माणसाने तो पडता पडता पोटाशी धरला. रेफ्रीचे दोन्ही हात वर, टचडाऊन, गुण मिळाले! मी उभाच राहिलो. अहो, हा तर सरांचा नियम!

नंतर कळलं की हा खेळ जिम फॉस्टर नावाच्या माणसाने १९८१ साली न्यूयॉर्कला इनडोअर सॉकरची मॅच बघता बघता एका पाकिटावर रेखाटला होता, लीग सुरू झाली १९८७ ला. पण मला त्या दिवसापासून वेड लागलं ते खेळापेक्षा कोचचं. जे ग्रुडेन. ३१ वर्षांचा, म्हणजे टीममधल्या काही खेळाडूंच्याच वयाचा, हेड कोच म्हणून पहिलाच सीझन. शेजारच्या सीटवरचे आजोबा मला तासभर त्याच्याबद्दलच सांगत होते. लुईव्हिल युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, वडील कोच, मोठा भाऊ जॉन कोच, पण एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगच्या, एकाही मॅचमध्ये याला खेळायला मिळालं नाही. मग हा आला या छोट्या मैदानावर, टँपा बे स्टॉर्मकडे, आणि १९९१, ९३, ९५, ९६ अशा चार एरिनाबोल, म्हणजे एरिना लीगच्या फायनल, जिंकून बसला. ९६ च्या फायनलला समोर आयोवाचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर, तोच जो पुढे २००० च्या जानेवारीत सुपरबोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकला. स्कोअर ४२-३८, जिंकला ग्रुडेन.

आता गंमत बघा, ९५ ची फायनल त्याने जिंकली होती ती ऑर्लँडोलाच हरवून. टँपा आणि ऑर्लँडो एकाच हायवेच्या, आय-फोरच्या काठावरची शहरं, दोघांचं हाडवैर, आणि हा आता ऑर्लँडोचा कोच! ९८ च्याच ऑगस्टमध्ये फायनल झाली ती पण टँपात, टँपाविरुद्ध, समोर त्याचे जुने कोच टिम मार्कम. आम्ही सातआठ जण एका मित्राच्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. ऑर्लँडो ६२, टँपा ३१.

त्या खेळात क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला वेळ नसतो. मैदान आखूड, समोरचे अंगावर आलेलेच, आणि बॉल स्नॅप व्हायच्या, म्हणजे क्वार्टरबॅककडे येऊन खेळ सुरू व्हायच्या आधीच एका रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, पुढच्या दिशेने पळत सुटायची परवानगी. म्हणजे माणूस कुठे आहे ते बघून चालत नाही, तो कुठे पोचेल तिथे बॉल टाकून ठेवायचा. हे ज्याने स्वतः सहा वर्षं केलंय त्यालाच दुसऱ्याला शिकवता येतं असं माझं ठाम मत आहे, आणि ग्रुडेनच्या टीमचे पास बघताना ते दिसायचं.

९९ ला फायनलमध्ये अल्बनीने हरवलं. २००० ची फायनल ऑर्लँडोतच होती, तिकीट काढून गेलो, भिंतीपासून चौथ्या रांगेत, समोर नॅशव्हिल. ३८-३८, आणि शेवटच्या क्षणी डेव्हिड कूलची किक पोस्टच्या मधून गेली. ४१-३८. तिथली पोस्ट फक्त ९ फूट रुंद असते, एनएफएलच्या जवळपास निम्मीच. मी ओळखदेख नसलेल्या माणसांच्या गळ्यात पडून ओरडत होतो.

पुढे २००२ ला, पस्तिशीत, ग्रुडेन परत ऑर्लँडोचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला, शिवाय भाऊ जॉन कोच असलेल्या एनएफएलच्या टँपा बे बकनीअर्समध्ये असिस्टंटचं काम चालूच, २००३ च्या जानेवारीत ती टीम सुपरबोल जिंकली. त्याच वर्षी प्रेडेटर्सचे कोच फ्रॅन पापासेडेरो मोटार अपघातात गेले आणि २००४ पासून टीम पुन्हा ग्रुडेनने हातात घेतली. नंतर एनएफएलमध्ये सिनसिनाटीकडे, मग २०१४ ते २०१९ वॉशिंग्टनचा हेड कोच. २०१५ ला आपला गट, म्हणजे डिव्हिजन, जिंकली, २०१९ ला पहिल्या पाचही मॅच हरल्यावर काढून टाकलं. लोक त्याला त्या पाचसहा वर्षांवरूनच मोजतात ते मला अजिबात पटत नाही. खेळाडू म्हणून चार आणि कोच म्हणून दोन एरिनाबोल, हे छोट्या मैदानावरचं म्हणून कमी कसं होईल?

२००१ च्या दिवाळीत गावी आलो तेव्हा सरांकडे गेलो होतो. सर तेव्हा रिटायर झालेले, ओट्यावर पेपर वाचत होते. पेपरच्या कोऱ्या कडेवर पेनने मैदान काढून दाखवलं, जाळ्या काढल्या, ग्रुडेनचं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा वर करून बराच वेळ ते चित्र बघितलं. मग विचारलं, परत आलेला बॉल चालू? म्हटलं, चालू. आठच जण? आठच. सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, जाळीवर एका जागी छोटी फुली मारली आणि म्हणाले, "खिडकीच्या खाली, डाव्या हाताला. मी तुला दाखवलं होतं ना, तिथे मारला की सरळ परत येतो."