आमची वाटचाल : आईच्या साड्या, वडिलांची धोतरं

सोलापुरात कापडाला तोटा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारे तुकडे किलोवर घ्यायचे आणि त्यांच्या गोधड्या शिवून विकायच्या, एवढ्यावर आमचा व्यवसाय उभा राहिला. शिवणाऱ्या बायका पूर्व भागातल्या, बऱ्याच जणी आधी विड्या वळणाऱ्या. बोटांना बारीक कामाची सवय. पुढे लोक गेलेल्या आईच्या साड्या घेऊन येऊ लागले आणि कामाची सगळी पद्धतच बदलावी लागली. कारखान्याचा तुकडा वाया गेला तर दुसरा मिळतो. आईची इरकल एकच असते.

पहिला नियम वेळेचा. तेराव्याच्या आत आणलेलं कापड आम्ही कापत नाही. त्या दिवसांत कपाट रिकामं करायची घाई होते, नातेवाईकही ‘वाटून टाका’ म्हणून मागे लागतात. एक ट्रंक भरून कुलूप लावून ठेवा, एवढंच सांगतो. मन होत नसेल तर वर्षश्राद्ध होऊन जाऊ द्या. डांबरगोळ्या मात्र टाकू नका, त्यांचा वास आईच्या वासावर चढतो. शेवटची नेसलेली, न धुतलेली साडी तर गोधडीत घालूच नये. पहिल्या धुण्यातच वास जातो. ती सुती पिशवीत वेगळी ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा राहून बुरशी धरते.

निवड घरच्यांनीच करायची, शक्यतो सगळ्या भावंडांनी एकत्र बसून. प्रत्येक साडीचा फोटो काढायचा आणि कापडी पट्टीवर ती कुठली ते लिहायचं : ‘धाकट्याच्या बारशाची’, ‘दवाखान्यातून आल्यावर घेतलेली’. आमच्या मते गोधडीचं निम्मं काम इथेच होतं. दवाखान्याचं बिल आणि सातबारा यापलीकडे न बोललेली भावंडं इथे आईबद्दल बोलतात, एकाला माहीत नसलेलं दुसरा सांगतो. कात्री लागली की परत नाही, म्हणून सगळ्यांची सही घेतो. जिच्यावरून वाद आहे, ती साडी तशीच परत जाते.

आता हिशेब. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीच्या एका थराला ७ फुटांचे दोन पट्टे लागतात. सहावारी साधारण १८ फूट असते; दोन पट्टे काढून ४ फूट उरतात, तो पदर आम्ही न कापता देतो. चार थर म्हणजे चार साड्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोनच थर पुरे.

सुती कापड दोन अंगठ्यांत धरून हलकं ताणायचं. चर्र आवाज आला तर ते आतल्या थरात. सुती आणि नायलॉन एका थरात जोडू नये. धुतल्यावर सुती आटतं, नायलॉन आटत नाही, आणि जोडावर चुण्या पडतात. इरकलीचा गडद लाल रंग जातो का, ते ओलं पांढरं फडकं दाबून आधी पाहायचं. मिठाच्या पाण्यावर भरवसा ठेवू नये. जरीचे काठ टोचतात, ते काढून घ्यावेत. जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून त्याची फ्रेमच बरी. वडिलांची धोतरं आतल्या थराला उत्तम, सदऱ्याचा खिसा वरून लावता येतो. टॉवेल मात्र आत नको, गोधडी जड होते आणि वाळता वाळत नाही.

थर एकावर एक पसरून कच्चा दोरा मधून कडेकडे घालायचा. कडेकडून सुरुवात केली की मध्ये फुगा येतो. पक्का धावदोरा मात्र उलटा, कडेपासून आत, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. मधला हातभर चौकोन आम्ही कच्चाच ठेवतो आणि सोबत सुई-दोरा देतो. तो घरच्यांनी भरायचा, रोज दोन-तीन ओळी. आईचा फोन यायचा ती वेळ बऱ्याच जणांना सगळ्यात जड जाते. त्या वेळी हाताला काम असलेलं बरं. ज्यांनी कधी सुई धरली नाही असे मुलगे हे शिकतात. वाकडा टाका आम्ही उसवत नाही.

शिवणकाम हे औषध नव्हे, हे गोधडी घेताना प्रत्येकाला सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ६ महिन्यांहून अधिक काळ रोजचं जगणं अडवून ठेवणारा शोक हा आजार म्हणून नोंदलेला आहे. झोप-जेवण सुटलं, कामावर जाणं बंद पडलं, जगावंसंच वाटेना, तर ६ महिन्यांची वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा किंवा टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. ती सरकारी सेवा आहे, मोफत, २४ तास.

पहिलं धुणं वेगळं, थंड पाण्यात, वाळवण सावलीत. पावसाळ्यात चार थरांची गोधडी आतून ओली राहते, तेव्हा ती धुऊ नका. विरली तर घेऊन या, उरलेल्या तुकड्यांची पिशवी आम्ही त्यासाठीच सोबत देतो.