आमची वाटचाल: बाटल्यांच्या फळीपासून प्रेशर गेजपर्यंत

आमची सुरुवात गॅरेज म्हणून झाली नाही, ऑइलच्या काउंटरवर झाली. खाली डबे, बाजूला फिल्टर आणि गल्ल्यामागच्या फळीवर अॅडिटिव्हच्या, म्हणजे ऑइलमध्ये वरून ओतायच्या रसायनांच्या, रंगीबेरंगी बाटल्या. खरा नफा त्या फळीवरच होता. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "गाडी जुनी झालीय, टॅपेट वाजतात, टाकायला काहीतरी द्या." काहीतरी टाकायचं एवढं ठरवूनच माणूस येतो. इंजिनात नेमकं काय झिजलंय, ते काउंटरवर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही काउंटरच्या मागे एक गाडी उभी राहील एवढी जागा मोकळी केली आणि पहिलं हत्यार घेतलं ते ऑइल प्रेशरचं साधं, काट्याचं गेज.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर विसंबून उपयोग नाही. आम्ही ऑइलचा स्विच काढून त्याच आट्यांत गेज बसवतो, इंजिन पुरतं गरम होऊ देतो आणि आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) व दोन हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवतो. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक). तो प्रत्येक इंजिनाला लागू पडत नाही, कंपनीच्या पुस्तकातला आकडाच खरा, पण पुस्तक हाताशी नसेल तर अंदाजाला बरा. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती वाढली की तिथून ऑइल निसटतं आणि गरम इंजिनाचा काटा खाली बसतो.

इथे बहुतेक जण सरळ जाड ऑइल ओततात. काटा वर येतो, मालक खूश होतो. पण गेज अडथळा दाखवतं, ऑइल किती पोचलं ते दाखवत नाही. सकाळी गार इंजिन चालू करताना वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत ऑइल चढायला जेवढा उशीर, तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. डब्यावरच्या २०डब्ल्यू-४० सारख्या ग्रेडमधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा या गारपणाचा आहे: २०डब्ल्यूची पंप होण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे ३०ला. मागचा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा, म्हणजे ४० ग्रेडला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५०ला १६.३ ते २१.९. आमचा नियम यातूनच ठरला. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडवर प्रेशर नीट असेल तर गाडी कितीही जुनी असो, ग्रेड बदलायचा नाही. काटा खाली असेल तर मागचा आकडा एकच पायरी वर न्यायचा, डब्ल्यूच्या आधीचा शक्यतो तोच ठेवायचा. तरीही काटा उठत नसेल तर बेअरिंगचं काम निघालंय, ते कुठल्याही डब्याने होणार नाही.

धुराचंही तसंच. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताच निळा धूर सोडते आणि मग गप्प होते, तेव्हा संशय वॉल्व्ह सीलवर. चढावर, लोडवर धूर मारते तेव्हा पिस्टनच्या रिंगांवर. खात्रीसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घ्यायचं, मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचं. दुसऱ्यांदा आकडा चांगला वाढला तर रिंग-लायनर (लायनर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. 'स्टॉप लीक'सारखी औषधं रबर थोडं फुगवतात, आखडलेलं ऑइल सील त्याने काही दिवस गप्प बसतं. काम पुढे ढकलायचंच असेल तर चालेल. फाटलेल्या सीलला त्याचा काही उपयोग नाही.

या धंद्यात मला सगळ्यात रस वाटतो तो जस्त-फॉस्फरसच्या प्रकरणात. झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन १९४० च्या दशकापासून ऑइलमध्ये आहे. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं, जेमतेम शे-दीडशे नॅनोमीटरचा, आणि घासला जातो तो हा थर. रोलर नसलेल्या, सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांत कॅमचं नाक, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा उंचवटा, टॅपेट या दट्ट्यावर सरळ घसटतं, तिथे या थरावाचून निभाव नाही. पण फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, म्हणून त्याचं प्रमाण उतरवत नेलं. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या २००४च्या 'एसएम' दर्जापासून पातळ ग्रेडना फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, किमान ०.०६. ही मर्यादा ३० आणि त्याखालच्या ग्रेडना आहे, ४० आणि ५०ला ती लागू नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे जुन्या सपाट टॅपेटच्या गाडीला वेगळी बाटली घेण्याआधी डब्याची डेटाशीट मागवून फॉस्फरस बघावा. ०.१० ते ०.१२ च्या आसपास असेल तर वर काही ओतायची गरज नाही. जास्त ओतल्याने जास्त राखण होते असंही नाही. प्रमाण फार वाढलं तर कॅमच्या पृष्ठभागाचे टवके उडायला लागतात.

वर्कशॉपच्या टेबलावर आम्ही एक झिजलेला कॅम ठेवलाय. बाकीची नाकं टोकदार, एक मात्र बोथट, गोल झालेलं; कडेला नख फिरवलं की अडकतं. बाटली मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तो हातात देतो. हे नाक परत उभं करणारं ऑइल कुठे मिळालं तर मलाही आणून द्या, म्हणतो. नवा कॅम बसवला तर मोलिब्डेनमची पेस्ट लावायची आणि चालू केल्यावर इंजिन आयडलला ठेवायचं नाही. वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास धरायचं, कारण कॅमवर उडणारं ऑइल क्रँकच्या वेगावर अवलंबून असतं.

'धातूवर टेफ्लॉनचा थर' म्हणणाऱ्या बाटल्या आम्ही सगळ्यात आधी काढल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली अशाच एका गाजलेल्या ट्रीटमेंटच्या जाहिरातींतल्या दाव्यांवर कारवाई केली होती. फळी रिकामी होऊ लागली तसा गल्ला हलका झाला, हे खरं. पण मोजून सांगणाऱ्याकडे लोक दुसरी गाडीही घेऊन येतात. मोटरसायकलवाले आले की विषयच वेगळा: क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, घर्षण कमी करणारं काही टाकलं की तो घसरतो. तिथे डब्यावर जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए२ आहे का, एवढं बघतो.

फ्लशिंगबाबत, म्हणजे रसायनाने इंजिन आतून धुण्याबाबत, आम्ही भित्रे आहोत आणि तसेच राहणार. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या इंजिनाचं खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं की तळाला काळी, जेलीसारखी साय असते आणि ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीवरही तिचाच लेप. जोरदार फ्लश मारला तर ही साय गठ्ठ्यांनी सुटते आणि जाळीच बुजते. अशा गाडीला साधं, चांगल्या डिटर्जंटचं ऑइल घालून निम्म्या अंतरावर बदलायचं, पुन्हा तसंच. वेळ लागतो. मधे एखादं जुनं सील गळायला लागतं, कारण त्याची चीर त्या मळानेच भरलेली होती. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे वाद होत नाही.

अलीकडे आम्ही निघालेल्या ऑइलचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो. लोखंड वाढलं की कॅम, लायनर. शिसं-तांबं वाढलं की बेअरिंग. सिलिकॉन वाढला तर बहुधा धूळ. आणि जुन्या गाड्यांत धूळच जास्त सापडते: एअर फिल्टरचं झाकण नीट न बसलेलं, नाहीतर त्याच्या पुढचा रबरी पाइप तडकलेला. महागड्या सिंथेटिकने जे झालं नसतं ते तो पाइप बदलून होतं. एका अहवालावरून फार काही ठरत नाही, तीन-चार बदल्यांचे आकडे शेजारी ठेवले की चढ दिसतो.

म्हणून गाडी तपासायला आणताना आदल्या दिवशी ऑइल बदलून आणू नका. जे आहे तेच राहू द्या, थोडी चालवून गरमच आणा. नमुना आम्ही ड्रेनच्या मधल्या धारेतून घेतो, तळाचा गाळ त्यात येऊ देत नाही. आणि शेवटचं ऑइल कुठल्या ग्रेडचं, किती किलोमीटरपूर्वी घातलं आणि मधे किती टॉपअप लागलं, एवढं कागदावर लिहून आणा.