तुम्ही विचारलंत म्हणून: बाईंचा फोटो का उतरवला

"गुरुजी, तुम्ही तर इंदिराबाईंचे. मग मन उडालं कधी?" जुने विद्यार्थी भेटले की हेच विचारतात, आणि उत्तर घरूनच ठरवून आलेले असतात. आता एकदाच सांगतो.

16 डिसेंबर 1971. ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, त्या रात्री चावडीतल्या रेडिओपाशी मी रडलो होतो. त्याची मला आजही लाज नाही. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली, तेव्हाही मी त्यांचाच. कचेरीत माणसं वेळेवर येतात, हे लोकांना मीच सांगत होतो. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तर राग मला दुर्गाबाईंचा आला.

1976 मध्ये आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचा हुकूम आला. माणशी दोन, नाही आणल्या तर वेतनवाढ बंद. एक मिळाली. दुसरी मिळेना. आमच्या आळीत एक शेतमजूर होता, एक मुलगा, एक मुलगी. मी त्याला समजावलं नाही, भीती घातली. रेशनकार्ड जाईल म्हणालो. असं सांगायचा हुकूम मला कुणी दिला नव्हता, ते मी पदरचं घातलं. सकाळी धुतलेला सदरा घालून तो माझ्यासोबत कॅम्पला आला. वाटेत माझी पिशवीही त्यानेच धरली.

पुढच्या पावसाळ्यात त्याचा मुलगा तापाने गेला. तेरावं उरकून तो शाळेत आला, मधली सुट्टी होईपर्यंत वर्गाबाहेर उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, त्ये परत जोडत्यात का हो?"

विचारून सांगतो, म्हणालो. त्या संध्याकाळी भिंतीवरचा फोटो उतरवला. आणि विचारलं मात्र कुणालाच नाही. त्याच्या घरावरून जायची वाट बदलली.

तेव्हाचा मी अजून भांडतो माझ्याशी. म्हणतो, दिल्लीत बसलेल्या बाईंना हे कुठे ठाऊक? मुलाने केलं, भोवतालच्यांनी केलं. मी म्हणतो, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर कुणी बसवला? आपल्यापर्यंत काही पोचू नये अशी सोय त्यांनीच केली होती. वर्षभरात देशात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, एवढं न दिसायला डोळे मिटावेच लागतात. यावर तो विचारतो, तुला तर दिसत होतं ना? इथे माझं तोंड बंद होतं.

आणि निवडणूकही त्यांनीच घेतली, हरल्या, पायउतार झाल्या. ते मी विसरू शकत नाही. 1977 ला त्यांच्याविरुद्ध मत दिलं. 1980 ला कुणाला दिलं ते घरातही सांगितलेलं नाही. 31 ऑक्टोबर 1984 ला त्यांची हत्या झाली, तेव्हा पेटीतून फोटो काढला, पुसला, परत ठेवला.

तो मजूर गेला, त्यानंतर काही वर्षांनी मी एका डॉक्टरांना शेवटी विचारलं. म्हणाले, जोडता येतं. खात्री नसते, पण जितकं लवकर कराल तितकं बरं.