आमची वाटचाल : कूलरच्या पत्र्यापासून ठमीच्या अंडपेटीपर्यंत

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर अजूनही 'कूलर' हाच शब्द सगळ्यात मोठा आहे. त्याखाली 'अंडी उबवणी मशीन', आणि एकदम खाली, मागच्या दिवाळीत रंगवून घेतलेली ओळ : 'पाळीव सरड्यांसाठी पेट्या करून मिळतील'. ती वाचून विदर्भातल्या आमच्या आर्वी रस्त्यानं जाणारा माणूस गाडी हळू करतोच. बरेचसे हसून पुढे जातात. एखादा उतरून आत येतो आणि विचारतो, "काहो भाऊ, सरड्याले पेटी काऊन लागते? तो तं धुऱ्यावर रायते."

धुऱ्यावरचा सरडा धुऱ्यावरच बरा, त्याला पेटी नकोच. आम्ही पेट्या करतो त्या ऑस्ट्रेलियातून जगभर गेलेल्या बिअर्डेड ड्रॅगन नावाच्या पाळीव सरड्यासाठी. पण या प्राण्याचं नावही आम्हाला चार-पाच वर्षांपूर्वी माहीत नव्हतं, म्हणून आधीचं थोडं सांगतो.

वडील पत्र्याचं काम करायचे. संक्रांत झाली की पत्रा वाकवायला घ्यायचा, होळीपर्यंत बॉड्या तयार, कूलरच्या ताट्यांमध्ये वुडवूल, म्हणजे लाकडाचे तंतू, भरायला गल्लीतल्या बाया यायच्या, आणि मृग लागला की धंदा ठप्प. कूलर कोरड्या हवेचा गडी. पाऊस पडून हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवा नाही. म्हणजे पाच महिने मरमर आणि सात महिने उधारी वसूल करत हिंडायचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईची पोरं गावात परत आली, प्रत्येकाला गावरान कोंबड्या पाळायच्या होत्या, आणि आम्ही थर्माकोलच्या डब्यापासून सुरुवात करून उबवणी मशीन करायला लागलो. साडेसदतीस अंश, २१ दिवस, आणि दर दोन तासांनी अंड्यांचा ट्रे कलता करणारी छोटी मोटर. त्या मोटरचा मला फार अभिमान होता. तिनंच पुढे घात केला.

एका मे महिन्यात दर्यापूरकडचा एक पोरगा मोटरसायकलवर आला. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात कापसावर अठरा अंडी. पांढरी, लांबट, करंगळीच्या दीड पेराएवढी, आणि बोट लावलं तर मऊ, चामड्यासारखी. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं एक मोठा ड्रॅगन विकत घेतला होता. विकणाऱ्यानं नर म्हणून दिला. 'नर' दोन दिवस काचपेटीचा कोपरा खरवडत राहिला, खायचा बंद झाला आणि सकाळी पाहतो तर वर्तमानपत्राखाली अंडी.

"तुमची मशीन अंडे काढते ना?"

मी म्हटलं, "काढते ना बाप्पा." मला अंडं म्हणजे अंडं. अठराही ट्रेमध्ये लावली, साडेसदतीसवर ठेवली, मोटर चालू केली आणि एकवीस दिवसांनी ये म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मशीन उघडली तर वासानं मागे सरलो. सगळी सुरकुतून पिवळी पडली होती.

कारण नंतर कळलं, आणि ते अगदी साधं आहे. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, नाही तर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सरड्याचं उलटं. घातल्यावर काही तासांतच आतला जीव वरच्या बाजूला जागा धरतो, मग अंडं पालथं केलं की तो दगावतो. त्या पोराच्या मोटरसायकलवर निम्मी गेली असतील, उरलेली माझ्या मोटरनं मारली. आणि तापमान? त्या अंड्यांना साडेअठ्ठावीस-एकोणतीस पुरतं. मी त्यांना शिजवलंच म्हणायचं. बायको एवढंच म्हणाली, "कोंबडी खुडूक बसते म्हणून साऱ्या दुनियेनं बसायचं का?"

पैसे घेतले नाहीत. पोराला पुढच्याच आठवड्यात पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि खोलीमालक असला प्राणी ठेवू देणार नव्हता. तो मादी आमच्याकडे ठेवून गेला. "दोन महिन्यांनी नेतो" म्हणाला होता. आईनं तिचं नाव ठमी ठेवलं.

ठमी आली तेव्हा कमरेची हाडं वर आलेली, मांड्यांची कातडी लोंबत होती. शेपटीसकट पावणेदोन फूट अंग आणि वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. आम्ही पहिली चूक केली ती सगळ्यांचीच होते : गावभर दाखवली. दिवसाला वीस माणसं, पोट्टे काचेवर टकटक करणारे. तिची हनुवटी काळी पडली, तोंड उघडून बसायची. मग बायकोनं तीन बाजूंनी वर्तमानपत्र चिकटवलं आणि खोलीला कडी लावली. आज कोणी नवीन मादी आणली म्हणून फोन करतं तेव्हा मी हेच आधी सांगतो. पहिला आठवडा हात लावू नका, फोटो काढू नका, जुन्या जनावराशेजारी ठेवू नका. नाकावर पाण्याचे थेंब सोडा, चाटून पिते. एका टोकाला दिव्याखाली चाळीसच्या आसपास अंश, दुसरं टोक पंचवीस-सव्वीस, म्हणजे तिला हवं तिथे ती जाईल. हे अंश काचेला चिकटवायच्या गोल घड्याळावर मोजू नका, ती घड्याळं थापा मारतात. वायर असलेला सेन्सर घ्या. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.

पाचव्या आठवड्यात तिचं पोट पुन्हा भरलं. आमच्याकडे नर नव्हता, गावात असण्याचा प्रश्नच नाही. मी म्हटलं जंत झाले असतील. बायको शेळ्या पाळणाऱ्या घरातली. तिनं ठमीला तळहातावर घेतलं, बोटांनी कुशी चाचपली आणि म्हणाली, "गोट्या लागतात हाताला. अंड्यावर आली." एकदा नर लागला की मादी ते बीज अंगात साठवून ठेवते आणि पुढची अंडी त्यावर घालते, हे त्या दिवशी शोधून वाचलं. म्हणून नवी आणलेली मादी एकटी असली तरी भरवसा धरू नये. आणि नर लागलाच नसला तरी ती अंडी घालते, फक्त ती रिकामी असतात. अंडपेटी, म्हणजे उकरून अंडी घालायला मातीची पेटी, दोन्ही वेळेला लागते.

अंडी करायला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो, तो बाहेरून मिळाला नाही तर स्वतःच्या हाडातून काढते. पाय थरथरायला लागतात, जबडा मऊ पडतो. आम्ही शेवग्याचा पाला, लसूणघास, कोहळ्याचा कीस, जास्वंद आणि रातकिड्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून द्यायला लागलो. पालक दिला नाही, तो उलट चुना अडवतो. गावात पाल्याची कमी नाही, पण वावरातला देताना फवारणी कधी झाली हे विचारूनच तोडायचा. सोयाबीनच्या कडेचा तर नाहीच. रात्री पोरं काजवे पकडून आणत, तेही बंद केले. काजवा या जनावराला विष आहे, एकही जीव घेऊ शकतो. शिवाय अतिनील किरणांचा दिवा हवा, किंवा सकाळचं थेट ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन दिसतं ऊन, पण कामाचा किरण काच अडवते.

आता मातीची गोष्ट, कारण आमचा धंदा खरा मातीवर उभा आहे.

ठमीनं कोपरे खरवडायला सुरुवात केल्यावर मी एक टब भरून वावरातली काळी माती ठेवली. घरची माती, फुकट. ओली केली तर नखांना गोळे चिकटले, दिव्याखाली रात्रीतून वाळली तर बोट जाईल एवढ्या भेगा. ठमीनं दोनदा उकरलं आणि टबात पाठ करून बसली. खायचं बंद. असंच दोन-तीन दिवस चाललं आणि ती मलूल पडली तर अंडी आत अडकली समजायचं, मग डॉक्टर आणि एक्स-रे. आमच्या तालुक्यात बैल-शेळीचे डॉक्टर आहेत, सरड्याचं पोट पाहणारा नागपूरलाच शोधावा लागतो. मी गाडी सांगून ठेवली होती.

मृगाचा पाऊस पडून दोन दिवस झाले होते. संध्याकाळी पेरणीचं पाहायला वावरात गेलो तर धुऱ्याच्या उतारावर आपली साधी गावरान सरडी उकरत होती. काळ्या रानात नाही, धुऱ्यावरच, जिथे मुरूम-रेती मिसळलेली भुसभुशीत माती होती. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्यांनी लांब फेकायची. मी बांधावर उकिडवा बसून पाऊण तास पाहिलं. अंडी घालून तिनं खड्डा बुजवला आणि वरून अशी सारखी केली की जागा माझ्या डोळ्यांदेखत हरवली.

घरी येऊन वर्धा नदीची रेती चाळली. दोन घमेली रेती, एक घमेलं लाल माती. पाणी एवढंच, की मुठीत दाबली तर लाडू व्हावा, बोट टोचलं तर फुटावा, आणि हात ओला होऊ नये. टबात एक वीत आणि वर चार बोटं भरली, एका कोपऱ्यात हातानं बोगद्याची सुरुवात करून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ठमी आत शिरली. आधी मागची शेपटी बाहेर, मग आत वळून फक्त नाक बाहेर. आम्ही दोघं दाराच्या फटीतून पाहत होतो, फॅनसुद्धा बंद. तासाभरानं ती मातीनं माखून बाहेर आली आणि नाकाच्या शेंड्यानं माती ठोकायला लागली, गवंडी थापीनं ठोकतो तशी. पोट एकदम खपाटीला गेलं होतं. कोमट पाण्यात बसवलं तेव्हा पाचेक मिनिटं नुसती पीत राहिली.

एकवीस अंडी. चमच्यानं माती बाजूला करत, आहे त्याच बाजूनं उचलली, वर पेन्सिलीनं फुली मारली. व्हर्मिक्युलाइट म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, ते ओलसर करून त्यात निम्मी रुतवली.

आणि इथे कूलरवाल्याची अक्कल कामी आली. बाजारातलं उबवणी यंत्र फक्त गरम करतं. आमच्या भागात मे-जूनला खोलीच चाळीसच्या वर असते, तिथे एकोणतीस ठेवायचे तर यंत्राला गार करता आलं पाहिजे. ओल्या ताटीची हवा सोडली तर पावसाळ्यात गारवा येत नाही आणि अंड्यांवर बुरशी येते. शेवटी पेल्टिअरची चकती वापरली : चार सेंटीमीटरचा चौकोन, बारा व्होल्टवर वीज दिली की एक बाजू थंड, दुसरी गरम. गरम बाजू पेटीबाहेर, तिला पंखा. लाईन गेली तर तापमान लगेच चढू नये म्हणून आत पाण्याच्या चार बाटल्या आणि मागे इन्व्हर्टरची बॅटरी. आमच्याकडे लाईन न विचारता जाते.

अंश सांभाळायचे याला आणखी एक कारण आहे. बत्तीसच्या वर उबवलं तर या जातीतले जन्मानं नर असणारे जीव मादी होऊन बाहेर येतात. ऑस्ट्रेलियातल्या रानातही असं घडतं, हे तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. आमच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या रखरखीत नऊ दिवसांत, उघड्यावर ठेवली तर मादीही नाही अन् नरही नाही, आमलेट.

त्रेसष्टाव्या दिवशी एका अंड्यावर घामासारखे थेंब आले, मग चीर, मग नाक. ते नाक पूर्ण दिवसभर तसंच राहिलं. बायकोनं माझा हात धरून ठेवला म्हणून मी ओढून काढलं नाही. एकवीसपैकी तेरा निघाली. मग त्यांनी एकमेकांच्या शेपट्या चावल्या, रोज बोटाच्या पेराहून लहान शेकडो रातकिडे खाल्ले आणि आमची झोप घालवली. त्या तेरांना नीट घरं शोधण्यात पाच महिने गेले. तेव्हापासून ठमीची अंडी आम्ही उबवत नाही, घातल्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकतो. ऐकायला निष्ठूर वाटतं. पण गिऱ्हाइकालाही मी हेच सांगतो, आणि त्यामुळे कधी कधी मशीनची ऑर्डर जाते.

सरड्यांसाठी आज विकतो ते दोनच : अंडपेटी आणि गार-गरम करणारी उबवणी पेटी. जनावर विकत नाही. घोरपडीसाठी पेटी मागायला तिघे आले होते, तिघांना हात जोडले. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यात आहे, पाळणं हा गुन्हा. इग्वाना, म्हणजे मोठा परदेशी सरडा, पाळणारे येतात त्यांना आधी नोंदणी विचारतो. याच कायद्याची २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले, आणि इग्वानासारख्या, कायद्याच्या अनुसूचीतल्या परदेशी जनावराची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, नवीन घेतलं तर तीस दिवसांत. यावर लोक चिडतात. चिडू देत.

माती मात्र आम्हाला पाठवता येत नाही, कुरिअरवाला वजन पाहून भलतंच भाडं सांगतो. म्हणून पेटीसोबत मराठीत एक चिठ्ठी देतो, लाडवाची खूण लिहिलेली. तरी लोक कुंडीतला कोकोपीट भरतात, आणि रात्री अकराला फोन येतो, "भाऊ, उकरून राहिली पण घालत नाही."

पोरगा दोन महिन्यांनी नेणार होता, तो अजून पुण्यातच आहे. ठमी आता साडेचारशे ग्रॅम आहे. आईची तक्रार एवढीच, की कूलरवाल्याच्या घरात मे महिन्यात एक तरी कूलर असावा. यंदा दोन ठेवले होते. एक गिऱ्हाइकानं दारातूनच उचलून नेला, दुसरा ठमीच्या खोलीला आहे.