आवक, जावक, शिल्लक

कोल्हापुरात आपल्या मॅनेजमेंट संस्थेत प्रवेश झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमचे पहिले ग्रुप डिस्कशन झाले. दहा खुर्च्या, पंधरा मिनिटे, आणि विषय फळ्यावर लिहून होण्याआधीच चार जण एकदम बोलायला लागलेले. मी गडहिंग्लजहून बी.कॉम. करून आलेली. सीईटीला गुण चांगले होते, पण असा गलबला मी त्याआधी फक्त बाजार समितीत ऐकला होता. मला एकदाच बोलायला मिळाले आणि तेही वाक्य अर्ध्यावर तुटले. बाकीचा सगळा वेळ मी वहीत कोण काय म्हणाले ते लिहीत राहिले. वेळ संपल्यावर सरांनी विचारले, "मग ठरलं काय?" कुणालाच सांगता येईना. मी वही उघडून तीन मुद्दे वाचून दाखवले. गुण मला कमीच मिळाले, ते रास्तही होते. पण दोन दिवसांनी विद्यार्थी समितीची यादी लागली, तेव्हा माझ्या नावापुढे 'स्टोअर' असे लिहिलेले होते.

समितीतले सगळ्यात कमी मानाचे काम ते. प्लेसमेंट समितीत जायला रांग, सांस्कृतिक समितीत जायला रांग, प्रायोजक आणणाऱ्यांचा तर वेगळाच रुबाब. स्टोअरवाल्याने बॅनर, एक्स्टेन्शन बोर्ड, दोरी, माइकचे सेल सांभाळायचे. जिन्याखालच्या खोलीची किल्ली आणि निळ्या पुठ्ठ्याचे एक रजिस्टर मला मिळाले. आज संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिहायला बसले, तर डोळ्यांपुढे व्यासपीठ येत नाही, हे रजिस्टरच येते.

आमची बॅच 2018 ते 2020. स्पर्धा किती होती हे नव्या मुलांना सांगायला नको, ती आजही तेवढीच असणार. अंतर्गत गुण, प्रेझेंटेशन, समर प्रोजेक्ट, केस स्टडी, आणि या सगळ्याच्या शेवटी एखादी कंपनी येणार आणि साठातले दोघे घेणार. त्यामुळे मैत्रीतही मोजमाप शिरायचे. ग्रंथालयातले फायनान्सचे एकुलते एक पुस्तक कुणीतरी दुसऱ्याच कपाटात दडवून ठेवायचे. पहिल्या वर्षी केस स्पर्धेत शिरोळ तालुक्यातली एक मैत्रीण आणि मी एकाच गटात होतो. रात्रभर जागून मी खर्चाचा तक्ता केला. सकाळी तिने तो मांडला आणि "हा मी केला" अशा थाटात मांडला. आम्ही जिंकलो. बाकीचे आनंदाने गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेले. समोर पिळलेले म्हशीचे फेसाळ दूध पिऊन ते परतले, तेव्हा मी वसतिगृहात पांघरूण ओढून पडले होते. त्यानंतर कित्येक महिने आम्ही दोघी कामापुरतेच बोलत होतो.

त्याच वर्षी आमचा 'बाजार दिवस' झाला. प्रत्येक गटाला 5,000 रुपये भांडवल, दोन दिवस विक्री, भांडवल परत करून जो नफा उरेल त्यावर क्रमांक. आमच्या चौघांच्या गटाने गूळ घेतला. कोल्हापुरात राहून गूळ विकणे सोपे, असे आम्हाला वाटले होते. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर पहाटे पोचलो. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत होता, वर येणारी मळी एक जण सतत काढत होता आणि भेंडीचा चिकट रस आत पडत होता. आम्ही वर्गात नुकतेच गुणवत्ता नियंत्रण शिकलो होतो, म्हणून गुळव्याला विचारले, काहील कधी उतरवायची हे कसे ठरवता? त्यांनी उत्तर दिले नाही. फावड्याच्या टोकावरचा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली आणि ती माझ्या हातावर ठेवली. ती दाबली तर चेपत होती. ते म्हणाले, "अजून जरा." थोड्या वेळाने दुसरी गोळी दिली, ती टणक लागली. लगेच हाक गेली आणि चौघांनी मिळून काहील वाफ्यात ओतली. दोन गोळ्यांमधला तो फरक माझ्या बोटांना अजून आठवतो.

गूळ उत्तम होता, पण काळसर होता. रसायन न घातलेला गूळ असाच असतो. बाजारात भाव मिळतो पिवळ्याधमक गुळाला. पहिल्या दिवशी आमच्या टेबलापुढून लोक वास घेऊन पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही स्टोव्ह आणला, त्याच गुळाचा चहा करून छोट्या कपांत दिला आणि गूळ काळा का आहे हे एका पुठ्ठ्यावर ठळक लिहिले. दुपारी तीनला माल संपला. विक्री 9,400, खर्च 4,900, नफा 4,500. आम्ही दुसरे येणार होतो.

ऑपरेशन्सच्या सरांनी आमचा हिशेब वाचला आणि विचारले, "तुम्ही चौघं तीन दिवस राबलात. तुमची मजुरी कुठे आहे?" माणशी रोज 300 धरले तरी 3,600 झाले. उरले 900. सरांनी हाच प्रश्न प्रत्येक गटाला विचारला आणि क्रमांकांची यादी उलटीपालटी झाली. आम्ही पाचवे आलो. त्या रात्री मला गुऱ्हाळावरची माणसे आठवली. घरची चार माणसे राबवून "एवढे सुटले" म्हणणारे माझे वडील आठवले. घरच्या माणसांची मजुरी आमच्याकडे कुणी कधी धरलीच नव्हती.

याच सरांनी आमच्याकडून एक खेळ खेळून घेतला होता. पुरवठा साखळी शिकवायला जगभरच्या मॅनेजमेंट संस्थांत तो खेळतात. 'बीअर गेम' म्हणतात, अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चौघांची रांग. एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची, आणि माल दोन आठवडे उशिरा येणार. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढते. पण दुकानदार घाबरून जास्त मागवतो, घाऊकवाला त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत त्या थोडक्याचा डोंगर होतो. मग माल येतो तेव्हा कुणालाच नको असतो. मी कारखान्याच्या खुर्चीत होते. पुढच्या तिघांचा मला भयंकर राग आला होता. शेवटी सरांनी खरी मागणी फळ्यावर काढली, ती जवळजवळ सपाट रेघ होती. कुणी मुद्दाम काहीच चुकवले नव्हते. फक्त पलीकडचे कुणाला दिसत नव्हते.

मग ऑगस्ट 2019 आला.

कोल्हापूरकरांना तो आठवडा समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, पुण्याकडून येणारा माल अडकला, पाणी उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळ कोरडे पडले, पंपांवर पेट्रोलसाठी रांगा. आपला परिसर उंचावर, म्हणून तो कोरडा राहिला. वर्ग बंद झाले आणि सभागृहात मदतीचा माल उतरायला लागला.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते उतरवून घेत होतो. कपड्यांच्या ढिगाखाली औषधे, औषधांवर बिस्किटांचे बॉक्स, ओल्या पोत्यातून सांडलेले तांदूळ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक टेम्पोवाला दारात उभा राहिला. वाट सुरू झाली होती आणि त्याला पुढच्या गावात ब्लँकेट न्यायची होती. "किती देताय?" त्याने विचारले. वीस-पंचवीस मुले हजर होती, सगळी मॅनेजमेंटची. एकालाही आकडा माहीत नव्हता. अंधार पडायच्या आत त्याला निघायचे होते, तो चाळीसच घेऊन गेला. रात्री ढीग उपसला, तर खाली आणखी दोनशेवर निघाली.

मी जिन्याखालची खोली उघडून निळे रजिस्टर आणले. तारीख, वाहन, आवक, जावक, शिल्लक, कुणी नेले, सही, असे रकाने आखले. शिवाजी पेठेतला आमचा एक मित्र तालमीच्या मंडळात वाढलेला, गणपतीची वर्गणी गोळा करून तयार झालेला. त्याने दारात टेबल टाकले आणि सगळ्यांना एकदाच सांगितले, "लिवल्याशिवाय हितनं काडीबी हलणार न्हाई." मोठमोठ्या माणसांनाही त्याने सही केल्याशिवाय सोडले नाही.

आम्ही फरशीवर खडूने चौकोन आखले. वर्गात शिकलेले एबीसी वर्गीकरण, म्हणजे महत्त्वाप्रमाणे मालाचे तीन गट करणे, तेव्हा पहिल्यांदा कामाला आले. औषधे, बाळांची दूध पावडर, सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या हे नग थोडे, पण नसले तर अडते. ते दाराजवळ आणि रोज रात्री एकेक मोजायचे. धान्य मधे. कपडे मागे, पोत्यांच्या हिशेबाने. आणि तिसऱ्या रात्री लक्षात आले की आपण तो चिठ्ठ्यांचा खेळच पुन्हा खेळतो आहोत. पहिल्या दिवशी कुणीतरी "बिस्किटे हवीत" असा निरोप पाठवला होता. तो महाराष्ट्रभर फिरला आणि बिस्किटांचा डोंगर उशिराने आमच्या दारात आला. तोवर गावांत पाणी ओसरायला लागले होते आणि घराघरांत गुडघाभर गाळ होता. लोकांना खराटे, फावडी, फिनेल, चटया हव्या होत्या. मग रोज संध्याकाळी सात वाजता आम्ही रजिस्टर पाहून एक निरोप लिहायला लागलो. काय हवे, आणि त्याच्या वर ठळक, काय पाठवू नका. दोन दिवसांत येणाऱ्या गाड्यांमधला माल बदलला. एका ट्रकात नुसते खराटे आले, 240.

शिरोळची ती मैत्रीण पहिल्या दिवसापासून तिथे होती. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले, म्हणून जावक ती लिहायची. आम्ही शेजारी बसून आकडे सांगत होतो, पण एकमेकींकडे बघत नव्हतो. पाचव्या दिवशी एक गाडी लागली आणि ड्रायव्हरने गावाचे नाव सांगितले. तिने ते लिहिले. ब्लँकेट 60, चटया 60, मेणबत्त्या, फिनेल, सगळे ओळीने लिहिले, खाली सही केली आणि मग पेन ठेवून तशीच बसून राहिली. पेठेतला मित्र माझ्या कानात म्हणाला, "तिचंच गाव हाय ते." घराच्या खिडकीपर्यंत पाणी होते. आई-वडील नातेवाइकांकडे निघून गेले होते, म्हशींचा पत्ता नव्हता, आणि पाच दिवस तिने यातले एक अक्षर कुणाला सांगितले नव्हते. मी तिला म्हटले, "तू जा या गाडीतनं." ती म्हणाली, "शिल्लक जुळवून जाते." तिने खरोखरच ती जुळवली. ड्रायव्हर दहा मिनिटे थांबला.

केस स्पर्धेतल्या तक्त्याबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही. मला गरजही वाटली नाही.

फेब्रुवारी 2020 मधल्या वार्षिक महोत्सवात ती खजिनदार होती आणि मी स्टोअरलाच राहिले, मागून घेतले. बिझनेस क्विझ, बेस्ट मॅनेजर, अ‍ॅड-मॅड शो, सगळे दणक्यात झाले. फक्त एक सल आहे. एका प्रायोजकाने तोंडी कबूल केलेली रक्कम तीन दिवस आधी नाकारली. मंडप उभा, बाहेरच्या कॉलेजांचे संघ निघालेले. पेठेतल्या मित्राने पावती पुस्तक घेतले आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांतून दुकानदारांकडून 501, 1,001 असे मागत फिरला. खड्डा पूर्ण भरला नाही, पण जेवणाचे पैसे उभे राहिले. तोंडी कबुलीवर आम्ही तीन महिने निर्धास्त राहिलो होतो, ही आमचीही चूक होती. आज कामावर मी कुणाचाही शब्द ईमेलवर आल्याशिवाय धरत नाही, ते तेव्हापासून.

मार्चमध्ये सगळे बंद झाले. आमच्या बॅचला निरोप समारंभ मिळाला नाही. शेवटची तोंडी परीक्षा मी गडहिंग्लजला घराच्या गच्चीवर, रेंज शोधत दिली. हातात आलेली नोकरी पुढे ढकलली गेली आणि नंतर तिकडून फोनच यायचा बंद झाला. ते सहा महिने कठीण गेले. मग शिरोलीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मटेरियलच्या कामाला लागले. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू, कोटिंग. मुलाखतीत साहेबांनी पुराबद्दलच विचारले. अर्धा तास मी खडूच्या चौकोनांबद्दल बोलत होते.

जुलै 2021 मध्ये पंचगंगा पुन्हा चढली. एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. आपल्याच संस्थेतला ज्युनिअर होता. "ताई, सभागृहात माल यायला लागलाय. सर म्हणाले तुम्हाला रजिस्टर माहितीय."

"जिन्याखालची खोली. कपाटाचा खालचा खण. निळा पुठ्ठा."

थोड्या वेळाने त्याने शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. शिरोळच्या मैत्रिणीचे गोल अक्षर, खाली तिची आणि माझी सही. त्याने विचारले, नवीन वही घालू की यातच लिहू?

"यातच लिही. आधी शिल्लक पुढं ओढ, आणि वस्तू समोर ठेवून मोज."

अर्ध्या तासाने मेसेज आला. आमच्या पानावर खराटे शिल्लक 17 होते. खोलीच्या कोपऱ्यात त्याने मोजले, 17 च भरले.